कुलूप आधी, चावी नंतर

दसरा सरला की बेळगावच्या गल्लीबोळांत आणि भोवतालच्या गावांत दगडमातीचे ढीग दिसू लागतात. दिवाळीचा किल्ला करायचा असतो. शहरातली तरुण मंडळं शिवकालीन किल्ल्यांच्या भल्यामोठ्या प्रतिकृती उभ्या करतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि लोक त्या पाहायला गल्लोगल्ली फिरतात. कडोलीचं वार्षिक मराठी साहित्य संमेलन साऱ्या सीमाभागाला ठाऊक आहे. त्या कडोलीपासून निपाणीपर्यंतच्या खेड्यांत अंगणातले किल्ले आकाराने लहान असतात, पण ते करणाऱ्या मुलांपुढचे प्रश्न तेच असतात. दरवाजा पायथ्यावरून दिसू द्यायचा की बुरजाआड लपवायचा? वाट सरळ वर न्यायची की वळवत न्यायची? बालेकिल्ल्यावर पोचायला एकच मार्ग ठेवायचा की मागच्या अंगाने चोरदरवाजाही काढायचा?

जगात काही माणसं हेच प्रश्न पोटापाण्यासाठी सोडवतात. साहसी व्हिडिओ गेममध्ये खेळाडू मोकळ्या रानातून, गावांतून फिरत फिरत एखाद्या बंदिस्त वास्तूपाशी येतो. कधी ते भुयार असतं, कधी बुडालेलं मंदिर, कधी बुरूज. आत कुलूपबंद दारं, खटके, सरकते दगड, शत्रू आणि शेवटी एक मोठा राक्षस. खेळणारे या वास्तूला डंजन म्हणतात. चांगलं डंजन ही नुसती खोल्यांची रांग नसते. ती अख्खी वास्तूच एक कोडं असते आणि ते सोडवायचं तर वास्तूचा नकाशा डोक्यात उभा करावा लागतो.

अशी वास्तू मराठी मुलखाला नवी नाही. तिचा सर्वांत भेदक नमुना छत्रपती संभाजीनगरजवळ आजही उभा आहे.

देवगिरीच्या डोंगराचे कडे तासून गुळगुळीत भिंतीसारखे केले आहेत. त्यांच्या पायाशी खडकात खोदलेला खंदक आहे. खंदकावरचा मूळ पूल इतका अरुंद, की एका वेळी जेमतेम दोन माणसं जातील. तो ओलांडला की थोड्याच अंतरावर अंधेरी सुरू होते. हा खडकातून कोरून काढलेला काळोखा, चढता, वळणावळणाचा मार्ग आहे. आत पायऱ्या सारख्या मापाच्या नाहीत, मध्येच वाटा फुटतात, आणि उजेडाची तिरीप पाहून त्या दिशेने धावणारा शत्रू थेट खंदकावर उघडणाऱ्या भोकातून खाली कोसळे, असं सांगतात. जो चुकत नाही त्याच्यासाठी शेवटी आणखी एक तजवीज होती. अंधेरीचं वरचं तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर आग पेटवायची, आणि जवळच्या झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्याने तो धूर खाली भुयारात ढकलायचा.

बाकीचे किल्ले याच विचाराची सौम्य रूपं आहेत. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडवला आहे की समोरून येणाऱ्याला तो दिसतच नाही. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक येतात, आणि मधली वाट नागमोडी असल्यामुळे चढणारा माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. जंजिऱ्याचं मुख्य प्रवेशद्वार होडी अगदी जवळ जाईपर्यंत तटात मिसळून गेलेलं असतं. काळोख, वळण, लपलेलं दार, खोटी वाट, उंची, पाणी ही स्थपतींची हत्यारं होती. डंजन रचणाऱ्याकडेही हीच हत्यारं असतात, एकही वेगळं नाही. फरक हेतूचा आहे, आणि तो फरक नीट ध्यानात आला की या कलेची किल्लीच हाती येते. किल्ल्याच्या स्थपतीला आत येणारा परका हरायला हवा होता. डंजनच्या रचनाकाराला तो परका जिंकायला हवा असतो, मात्र आपण स्वतःच्या बुद्धीने जिंकलो असं त्याला वाटलं पाहिजे. म्हणून रचनाकार भिंतीच्या दोन्ही बाजूंनी काम करतो. एका हाताने वाट अडवतो आणि दुसऱ्या हाताने, दिसू न देता, ती दाखवतो.

संगणकावरच्या पहिल्या प्रसिद्ध भुयाराचा जन्म खऱ्या भुयारातून झाला. विल क्रॉउदर हा अमेरिकन प्रोग्रामर इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर काम करत असे आणि सुट्टीत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत उतरून तिचे नकाशे काढत असे. त्याची पत्नी पॅट्रिशिया हीसुद्धा नावाजलेली गुहा-संशोधक होती. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ साली ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात ती होती. पुढे दोघं विभक्त झाली. मुलींना खेळता यावा म्हणून क्रॉउदरने १९७५-७६च्या सुमारास एक खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती, नुसतं वर्णन. खेळाडूने ‘उत्तर’ किंवा ‘दिवा घे’ असे शब्द टंकायचे. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ संगणकांच्या जाळ्यातून सगळीकडे पसरला.

त्या खेळातलं एक कोडं आजही शिकवण्याजोगं आहे. खेळाडू एका भुलभुलैयात शिरतो. तिथल्या प्रत्येक खोलीचं वर्णन शब्दशः सारखं असतं, त्यामुळे आपण पुढे गेलो की फिरून तिथेच आलो हे कळायला मार्ग नसतो. उत्तर खेळाडूच्या झोळीतच असतं. प्रत्येक खोलीत एक वेगळी वस्तू टाकत जायचं. इथे काठी, तिथे पिंजरा. आता खोल्या सारख्या उरत नाहीत आणि कागदावर नकाशा उतरू लागतो. इथे खेळ कोणतंही नवं शस्त्र देत नाही. वस्तू उचलणं आणि ठेवणं खेळाडूला पहिल्या मिनिटापासून येत असतं. त्याच जुन्या क्रियेचा नवा उपयोग त्याला सुचावा लागतो.

दहा वर्षांनी जपानमध्ये या कलेला चेहरा मिळाला. क्योतोजवळच्या सोनोबे या गावात वाढलेला शिगेरू मियामोतो लहानपणी रानात भटकत असे. तिथे त्याला एक गुहा सापडली आणि तो कंदील घेऊन तिच्यात शिरला, ही आठवण त्याने अनेकदा सांगितली आहे. त्याने आणि ताकाशी तेझुकाने रचलेला ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये आला. त्यात नऊ डंजनं होती. आठांत एकेक सोनेरी तुकडा, आणि ते सगळे जमल्यावर नववं. डंजनांच्या नकाशांना आकार होते: गरुड, साप, सिंह. तिसऱ्याचा आकार बौद्ध मंदिरांवर दिसणाऱ्या स्वस्तिकाचा, ज्याला जपानी लोक मांजी म्हणतात. साठवणीची जागा फार थोडी असल्यामुळे हे आकार एका मोठ्या आयताकृती पटावर एकमेकांच्या खाचांत बसवले होते. तेझुकाने ते इतके घट्ट बसवले की ठरवलेली निम्मीच जागा लागली. चूक दुरुस्त करण्याऐवजी मियामोतोने उरलेल्या निम्म्यात दुसरी, अधिक अवघड डंजनं भरायला सांगितली. खेळ एकदा पूर्ण केला की ती उघडत. या दुसऱ्या फेरीवर लोक आजही प्रेम करतात.

झेल्डाच्या पुढच्या खेळांत एक सूत्र पक्कं झालं. प्रत्येक डंजनमध्ये मध्यावर कुठेतरी एक नवं साधन सापडतं. धनुष्य, बॉम्ब, साखळीचा आकडा, असं काहीतरी. ते हाती येण्याआधी खेळाडूने अनेक अडथळे पाहिलेले असतात, ज्यांचं काय करायचं हे त्याला उमगलेलं नसतं. दरीपलीकडे एक लाकडी खांब दिसतो, पण तिथवर जाता येत नाही. भिंतीत उंचावर एक डोळा दिसतो. साधन मिळताच ते सगळे अडथळे आठवतात आणि पाय आपोआप मागे वळतात. म्हणून कुलूप आधी दाखवायचं आणि चावी नंतर द्यायची. आधीच चावी हातात दिली तर दार म्हणजे नुसता सोपस्कार होतो. आधी कुलूप दिसलं तर त्याच्या पलीकडे काय असेल हा प्रश्न खेळाडू बरोबर घेऊन फिरतो, आणि चावी सापडते तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर त्याचं स्वतःचं असतं.

चाव्यांचा हिशेब मात्र दिसतो त्याहून फार नाजूक असतो. झेल्डातल्या छोट्या चाव्या कोणत्याही छोट्या कुलपाला चालतात आणि एकदा वापरली की चावी संपते. समजा, मधल्या दालनात दोन कुलूपबंद दारं आहेत आणि खेळाडूकडे चावी एकच आहे. डाव्या दारामागे दुसरी चावी आणि पुढे जायची वाट आहे, उजव्या दारामागे धनुष्य. खेळाडूने डावं दार उघडलं तर सारं सुरळीत होतं: चावी मिळते, तिने उजवं दार उघडतं. पण त्याने आधी उजवं उघडलं तर? हातात धनुष्य आहे, चावी नाही आणि डावं दार कायमचं बंद. त्याने काहीही चूक केलेली नाही, तरी खेळ संपला. यावर उपाय म्हणजे धनुष्याने पोचता येईल अशा जागी आणखी एक चावी ठेवायची, किंवा उजव्या दाराला वेगळ्या जातीचं कुलूप लावायचं. दोन दारांचं एवढं, तर आठ दारं आणि सहा चाव्या असलेल्या डंजनात खेळाडू ज्या ज्या क्रमाने जाऊ शकतो तो प्रत्येक क्रम तपासावा लागतो. खेळाडू सर्वांत वाईट निवड करणार, असं धरूनच हा हिशेब मांडायचा असतो.

महाभारताने हा पेच फार पूर्वी मांडून ठेवला आहे. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं कसं ते माहीत होतं, बाहेर पडायचं कसं ते नव्हतं. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात, बाराव्या शतकातल्या शिल्पपट्टात हा व्यूह वेटोळ्या मार्गांच्या आकृतीत कोरलेला आहे. डंजन रचणाऱ्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर अभिमन्यूचं नाव लिहून ठेवावं. शिरता येतं पण पुढे किंवा मागे जाता येत नाही अशी एकही जागा राहता कामा नये, आणि राहिलीच तर ती मुद्दाम ठेवलेली असावी.

१९९०च्या आसपासपर्यंत हा नियम सर्रास मोडला जाई. सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट ५’ हा १९९०चा खेळ देखणा होता, पण त्यात नायकाला ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ मिळतो. भूक लागल्यावर तो खाता येतो. पुढे बर्फात हिममानव वाट अडवतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला नेमका तोच पदार्थ लागतो. खाल्लेला असेल तर नायक मरतो, आणि ही चूक किती मागे झाली हे खेळ सांगत नाही. एका सरायच्या तळघरातली सुटकाही आधी एका उंदराला मांजरापासून वाचवलं असेल तरच होते. लुकासफिल्म गेम्समधल्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच एका लेखात अशा रचनांवर कडक टीका केली होती. खेळाडूला नकळत कायमचं अडकवणं हा खेळाडूचा नाही, रचनाकाराचा पराभव आहे, असं त्याच्या म्हणण्याचं सार. ते पटण्यासारखं आहे. १९९०च्या ‘मंकी आयलंड’मध्ये त्याने ते अमलात आणलं आणि त्यासाठी त्याच्या चमूने एक साधी रीत वापरली. शेवटचं दार कागदाच्या तळाशी लिहायचं. ते उघडायला काय लागतं ते त्याच्या वर लिहायचं, आणि ती गोष्ट मिळायला काय लागतं ते आणखी वर. रेघा जोडत जोडत सुरुवातीपर्यंत पोचलं की खेळाचा सांगाडा समोर असतो. एका वेळी खेळाडूपुढे किती वाटा मोकळ्या आहेत तेही दिसतं. सगळीकडे एकच रेघ असेल तर खेळ एका कोड्यापाशी अडतो. एकाच ठिकाणी दहा रेघा फुटत असतील तर खेळाडू गांगरतो.

नकाशा आणि हा सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकमेकांत विणणं हे खरं कौशल्य. ज्या कामासाठी पूर्वेकडे जायचं आहे त्याची चावी पश्चिमेला ठेवली तर खेळाडूला मधलं दालन पुन्हा ओलांडावं लागतं, आणि ते दालन त्याच्या ओळखीचं होतं. ब्रिटिश समीक्षक मार्क ब्राउनने २०१६ पासून झेल्डाच्या एकेका डंजनचे असे सांगाडे काढून दाखवले. काही डंजनांत वाट शोधावी लागते आणि काहींत नुसती चालावी लागते, हा भेद त्याने स्पष्ट केला. दोन्ही प्रकार आनंद देऊ शकतात, पण वास्तू आठवणीत राहते ती पहिल्या प्रकारात.

१९९३ साली गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आलेल्या ‘लिंक्स अवेकनिंग’मधला गरुडाचा बुरूज हे त्याचं लखलखीत उदाहरण आहे. त्या बुरुजात चार खांब आहेत आणि एक जड लोखंडी गोळा आहे. गोळा उचलून फेकला की खांब तुटतो. पण गोळा हातात असताना काही ठिकाणांतून जाता येत नाही, म्हणून तो भिंतीपलीकडे फेकायचा आणि स्वतः वळसा घालून दुसऱ्या बाजूने जायचं. चौथा खांब तुटला की वरचा मजला खालच्या मजल्यावर कोसळतो. तोवर वरच्या मजल्यावर ज्या जागी जाताच येत नव्हतं, ती आता खाली उतरून वाटेत आलेली असते. मजल्यावर मजला कसा बसेल हे डोक्यात जुळवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. खेळाच्या काळ्यापांढऱ्या चिमुकल्या पडद्यावर एवढं मोठं यंत्र बसवणाऱ्यांना दाद दिली पाहिजे.

एजी आओनुमा टोकियोच्या कला विद्यापीठात लाकडी यांत्रिक बाहुल्या करायला शिकला आणि १९८८ मध्ये झेल्डा बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीत आला. एक दांडा ओढला की दूरचा हात हलतो, हे बाहुलीकाराचं ज्ञान. १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ची डंजनं त्याच्याकडे होती आणि त्यांतलं जलमंदिर आजही भांडणाचा विषय आहे. त्या मंदिरात तीन ठिकाणी विशिष्ट सूर वाजवून पाण्याची पातळी खाली, मध्ये किंवा वर नेता येते. पातळी बदलली की प्रत्येक खोली बदलते. जिथे चालत जाता येत होतं तिथे पोहावं लागतं, तरंगतं लाकूड वर येतं, दार पाण्याखाली जातं. तळाशी चालायला लोखंडी बूट घालावे लागतात.

रचना म्हणून ते थक्क करणारं आहे. तरीही असंख्य खेळाडूंनी तिथे हार मानली, आणि पुढे आओनुमाने मुलाखतींत त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. दोष कोड्यात कमी आणि भोवतालात जास्त होता. बूट घालायला किंवा काढायला दर वेळी खेळ थांबवून यादी उघडावी लागे, आणि हे डझनावारी वेळा करावं लागे. शिवाय मधल्या मनोऱ्यात पाणी मधल्या पातळीवर आलं की एक ठोकळा तरंगत वर येतो आणि त्याच्या जागी खाली जाणारं भोक उघडं पडतं. तिथली चावी कित्येकांनी पाहिलीच नाही, कारण त्यांची नजर वर जायच्या वाटेकडे होती. २०११ मध्ये खेळ नव्या यंत्रावर आला, तेव्हा मंदिराचा सांगाडा जवळपास तसाच ठेवला गेला. बूट एका बटणावर आले आणि पातळी बदलण्याच्या तीन जागांकडे नेणाऱ्या रंगीत खुणा भिंतींवर उमटल्या. एवढ्यानेच मंदिर सुसह्य झालं. कोडं अवघड असणं वेगळं आणि कोड्यापर्यंत पोचणं कष्टाचं असणं वेगळं, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचित दिसतं.

आणि कधी कधी खेळाडू रचनाकाराच्या मनातल्या वाटेला जातच नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा तिथला राजा रामचंद्रदेव वरच्या किल्ल्यात गेला. तो डोंगर बळाने घेता येण्याजोगा नव्हताच. पण घाईत वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात, आणि राजाला तह करावा लागला. कडे, खंदक, अंधेरी यांतलं काहीही न भेदता किल्ला हरला. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कोड्यांची १२० छोटी देवालयं आहेत. एकात हातातलं यंत्र तिरपं करत एक गोळा भुलभुलैयातून न्यायचा असतो. खेळाडूंनी यंत्र सरळ उलटं केलं, म्हणजे भुलभुलैयाची सपाट पाठ वर आली, आणि तिच्यावरून गोळा अलगद पलीकडे उडवला. वीज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायच्या कोड्यात अनेकांनी ठरलेले ठोकळे सोडून आपल्या झोळीतल्या धातूच्या तलवारी जमिनीवर ओळीने मांडल्या आणि वीज वाहू लागली. निन्टेंडोने हे मार्ग बंद केले नाहीत. जगाचे नियम खरे असतील तर त्यांतून निघालेलं प्रत्येक उत्तर खरं, ही भूमिका मोठ्या मनाची आहे आणि योग्यही.

महाराष्ट्रात ही कला कुठवर आली आहे? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. सर्कशीत कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधते. निवेदन करतात दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी किल्ले, झरोके, कुंड यांनी नटलेल्या त्या वास्तू पाहताना भारतीय खेळाडूला आपल्या मातीवर उभं असल्यासारखं वाटतं. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. वाटेत फिरती चक्रं जुळवून चित्र पूर्ण करायची कोडी येतात. ती सुंदर आहेत, पण त्यांचा वास्तूशी संबंध कमी आहे. कोडं सुटतं आणि राजी पुढे जाते, मागे वळून यायची गरज पडत नाही. हळेबीडच्या चक्रव्यूहासारखी वाट वळते पण फुटत नाही. छोट्या चमूने पहिल्याच प्रयत्नात एवढं उभं केलं हे फार मोठं आहे. म्हणूनच त्या वास्तू स्वतः कोडं झालेल्या पाहायची इच्छा होते.

कच्चा माल तर इथे प्रत्येक गडावर आहे. भुयाराची दंतकथा नाही असा किल्ला सह्याद्रीत शोधूनच काढावा लागेल. देवगिरीची अंधेरीच घेऊन, चौकटीच्या वहीत, एक लहान डंजन मांडून पाहता येईल.

खेळाडू खंदकाच्या अलीकडे उभा आहे. समोरच्या कड्यात, पाण्यापासून बऱ्याच उंचीवर, एक काळं भोक दिसतं. त्याच्याखाली पाण्यालगत दगडी काठ आहे आणि काठावर काहीतरी चमकतं. पुलावरून तिथे जाता येत नाही. हे झालं कुलूप. पूल ओलांडून तो आत शिरतो, मशाल पेटवतो. पहिल्या खोलीत दोन बोळ फुटतात. एकीकडे मशालीची ज्योत झुकते, दुसरीकडे ताठ राहते. झुकते तिकडे गेलं की मोकळं अंगण लागतं. ज्योत वारा दाखवते हे त्याला कुणी सांगितलं नाही, पण कळलं. इथे चुकलं तरी काही बिघडत नाही, कारण दुसरा बोळ चार पावलांत संपतो.

पुढच्या फाट्यावर ज्योत दोन्हीकडे झुकते. शिकलेला नियम अपुरा पडतो आणि खेळाडू थांबतो. एका बाजूने पाण्याचा आवाज येतो. बाहेरचं काळं भोक ज्याने नीट पाहिलं होतं त्याला इथे सगळं उलगडेल: हा बोळ तिथेच निघणार. जो उजेडाकडे धावेल तो देवगिरीच्या शत्रूसारखा खंदकात पडेल. स्थपतीने ते भोक मरणासाठी ठेवलं होतं. इथे मात्र पडलेला खेळाडू पोहत दगडी काठाला लागतो, आणि तिथे चमकणारी वस्तू म्हणजे झरोक्याच्या झडपेची चावी असते. काठावरून पायऱ्या, फक्त आतूनच उघडणाऱ्या एका दारातून, पुन्हा पुलाकडे येतात. चुकीची वाट फेरी होऊन परत येते. ज्याने आवाज ओळखून ती टाळली, तो थेट वर जातो, लोखंडी झाकणापाशी अडतो, धुराने मागे हटतो, आणि शेजारी झडपेचं कुलूप पाहतो. त्यालाही आता पाण्यालगतची ती चमक आठवते. या वेळी तो स्वतःहून उडी घेतो. झडप बंद केली की वारा थांबतो, धूर खाली उतरत नाही, आग मंदावते, झाकण ढकलता येतं.

तपासायची रीत सोपी आहे. वहीवर नकाशा, खेळाडू म्हणून एक नाणं, न पाहिलेल्या खोल्यांवर कागदाचे तुकडे. मित्राला नाणं सरकवू द्यायचं, तो म्हणेल तो तुकडा उचलायचा आणि रचणाऱ्याने तोंड मिटून बसायचं, हेच सर्वांत जड जातं. मित्र फाट्यावर किती वेळ थांबतो, आवाज येतो असं सांगितल्यावर तो वहीच्या कडेला काढलेल्या कड्याकडे पाहतो का, हे टिपत जायचं. आणि पाण्यात पडल्यावर तो ‘हरलो’ म्हणून नाणं खाली ठेवू लागला, तर काठावरची चावी त्याच्या नजरेत भरलेली नाही. ती दोन चौकोन अलीकडे आणायची आणि दुसऱ्या मित्राला बोलवायचं.